जबडा मोडला तर मोडला? डब्लिनच्या मराठी पाठीराख्यांना खुलं पत्र

निळी जर्सी घालून क्रोक पार्क स्टेडियमला जाणाऱ्या डब्लिन परिसरातल्या समस्त मराठी मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मध्यंतरी आपल्यातल्या एकाच्या घरी जेवणं उरकल्यावर जो वाद पेटला, त्यात मला तोंड उघडायला सवड मिळाली नाही. चारजण एकाच वेळी बोलत होते आणि चौघांचा पक्ष एकच होता, त्यामुळे त्याला वाद तरी कसा म्हणायचा. विषय जुना. गेलिक फुटबॉलच्या २०२१ च्या उपांत्य सामन्यात आपल्या जॉन स्मॉलने मेयो काउंटीच्या ओवन मॅक्लॉक्लिनला दिलेली धडक. एकाने निकाल देऊन टाकला, "जबडा मोडला तर मोडला. हा खेळ आहे की कॅरम?" हशा पिकला, आईस्क्रीम आलं, विषय बदलला. माझ्या डोक्यातून तो गेला नाही, म्हणून हे पत्र. उघडपणे लिहितोय, कारण गोष्ट त्या एका घरापुरती नाही. लुकन, स्वोर्ड्स, ब्लँचर्ड्सटाउन, जिथे जिथे आपली पोरं गेलिक खेळायला लागली आहेत, तिथे तिथे मी हीच वाक्यं थोड्याफार फरकाने ऐकली आहेत.

तिकडे कोल्हापुरा-पुण्यात बसून हे वाचणाऱ्यांसाठी खेळाबद्दल चार शब्द सांगतो, बाकीच्यांनी पुढे जावं. गेलिक फुटबॉलमध्ये एका बाजूला पंधरा खेळाडू. चेंडू हातातही घेता येतो, पायानेही मारता येतो. हातात घेऊन चार पावलांच्या वर पळायचं नाही. मध्ये एक टप्पा घ्यायचा किंवा चवड्यावर टाकून परत हातात उडवून घ्यायचा. इंग्रजी एच अक्षरासारखे खांब. आडव्या दांडीवरून चेंडू गेला की एक गुण (२०२५ पासून चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून मारला तर दोन), दांडीखालून जाळ्यात गेला की गोल, म्हणजे तीन गुण. धावफलकावर १-१७ दिसलं तर एक गोल आणि सतरा गुण, एकूण वीस. आणि समोरच्याला अडवायचं कसं? कबड्डीसारखी पकड चालत नाही, रग्बीसारखं आडवं पाडणं चालत नाही. चेंडू उघड्या हाताने टोलवून काढायचा आणि बाजूने खांद्याला खांदा भिडवायचा, एवढीच मुभा. समोरून अंगावर गेलात तर फाउल. पण दोन धिप्पाड माणसं पूर्ण वेगात एकमेकांकडे येत असताना बाजू कुठे संपली आणि समोर कुठून सुरू झालं, हे रेफरीला डोळ्याची पापणी लवायच्या आत ठरवावं लागतं. धसमुसळ्या खेळावरची जवळजवळ सगळी भांडणं या फटीतून निघतात.

आता ती धडक. १४ ऑगस्ट २०२१. कोविडच्या निर्बंधांमुळे स्टेडियम अर्धंही भरलेलं नाही. डब्लिन २०१४ नंतर चॅम्पियनशिपमध्ये एकही सामना हरलेलं नाही, लागोपाठ सहा वेळा ऑल आयर्लंड, म्हणजे देशाचं विजेतेपद, जिंकलेलं. मेयो १९५१ पासून उपाशी. सामना मेयोच्या बाजूला सरकत चाललेला, आणि स्मॉल मॅक्लॉक्लिनवर जाऊन आदळतो. पोरगं जागेवर आडवं. रेफरीने साधी फ्री-किकसुद्धा दिली नाही, खेळ चालू राहिला. मॅक्लॉक्लिनला स्ट्रेचरवरून बाहेर नेलं, जबड्याचं हाड मोडलं होतं. पुढे मेयो जादा वेळेत ०-१७ विरुद्ध ०-१४ असं जिंकलं. बरोबरी साधून देणारी मेयोची पंचेचाळीस मीटरवरची किक पहिल्यांदा हुकली होती, पण आपला एक गडी वेळेआधीच पुढे सरसावला म्हणून ती परत घ्यायला मिळाली आणि दुसऱ्यांदा बरोबर गेली. त्यावरही आपण रेफरीच्या नावाने खडे फोडले. नियम मोडला आपण आणि शिव्या खाल्ल्या त्याने.

जॉन स्मॉलच्या मनात काय होतं हे मला ठाऊक नाही आणि तुम्हालाही नाही. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. दर्जेदार बचावपटू आहे, वर्षानुवर्षं त्याने डब्लिनसाठी घाम गाळला आहे. माझं म्हणणं त्याच्याबद्दल नाहीच. स्ट्रेचर मैदानाबाहेर जायच्या आत आपण जे बोलायला लागलो, त्याबद्दल आहे. आधी "बघ, खांदाच होता." मग रिप्ले बघून "बरं, खांदा नसेल, पण रेफरीने काही दिलं नाही ना?" आणि सगळ्यात शेवटी कॅरम. एक बचाव पडला की दुसरा तयार. कोर्टात वकील करतात तसं, फक्त वकिलाला त्याचे पैसे मिळतात.

डब्लिनच्या माणसाला १९८३ साल विचारा. आपल्याला १९८३ म्हटलं की कपिल आणि लॉर्ड्स आठवतं. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात क्रोक पार्कवर डब्लिन-गॉलवे अंतिम सामना झाला. पाऊस, वारा आणि मारामारी. डब्लिनचे ब्रायन मलिन्स, रे हेझली आणि किअरन डफ हे तिघे आणि गॉलवेचा टोमास टियर्नी असे चौघे बाहेर काढले गेले. उरलेल्या बारा जणांनी चौदा जणांविरुद्ध १-१० विरुद्ध १-८ असा सामना काढला. बार्नी रॉकने गोलरक्षकाची फसलेली किक पकडून लांबूनच चेंडू जाळ्यात उडवला, तो गोल आजही दाखवतात. देशभरात त्या सामन्याची लाज काढली गेली. डब्लिनमध्ये मात्र त्या बारा जणांना 'बारा प्रेषित' म्हणतात, येशूचे असावेत तसे. बारा जणांनी वाऱ्यापावसात सामना टिकवला, त्याचं कौतुक मलाही आहे. पण पंधराचे बारा का झाले, हा प्रश्न त्या गोष्टीत कोणी विचारत नाही. आपल्याकडे नव्याने येणाऱ्या माणसाला ही गोष्ट पबमध्ये जशी सांगितली जाते तशीच तो पुढे सांगतो, आणि आपण तर काय, दोन-तीन हंगामांतच अस्सल डब्लिनकराच्या थाटात सांगायला लागलो.

बार्नीचा मुलगा डीन रॉक. त्याचं नाव काढलं की २०१७ आलंच. हा अंतिम सामना तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी मैदानात बसून पाहिला आहे आणि तो जरा बारकाईने बघण्यासारखा आहे. त्याच उन्हाळ्यात मालवण तालुक्यातल्या वराडच्या डॉक्टरांचा मुलगा इथला पंतप्रधान झाला होता, त्यामुळे आपल्या सगळ्यांच्याच छात्या चार इंच जास्त फुगलेल्या. १७ सप्टेंबर. डब्लिन विरुद्ध मेयो, दुसरं कोण असणार. दुसऱ्या अर्धात जॉन स्मॉलने मेयोच्या खेळाडूवर फाउल केला, तो त्याला दुसऱ्या पिवळ्या कार्डाचा पडला, म्हणजे बाहेर. तेवढ्यात मेयोचा डोनल वॉन धावत आला आणि त्याने स्मॉललाच तडाखा दिला. त्याला थेट लाल. मेयोची फ्री-किक गेली, एका माणसाचा फायदाही गेला. मेयोच्या लोकांनी वॉनला शिव्या घातल्या. लक्षात घ्या, त्यांनी स्वतःच्या खेळाडूला घातल्या. का? तर त्याच्या मूर्खपणाने नुकसान झालं म्हणून. फायदा झाला असता तर तोही प्रेषित झाला असता.

मग जादा मिनिटं. बरोबरी. डायरमड कॉनलीने फाउल काढून घेतला आणि डीन रॉक लांबवरची फ्री-किक घ्यायला उभा राहिला. तो धावायला लागला तसं मेयोच्या ली कीगनने आपल्या पाठीवरचं जीपीएसचं यंत्र काढून त्याच्या दिशेने भिरकावलं. चेंडू तरीही दांडीवरून गेला. १-१७, १-१६. यापुढचं आपण कोणी सांगत नाही. मेयोच्या गोलरक्षकाला किकआउट, म्हणजे चेंडू परत खेळात आणणारी किक, घ्यायची होती, आणि आपल्या पुढच्या फळीतल्या खेळाडूंनी मेयोचे बचावपटू धरून खाली पाडले, म्हणजे त्याला पास द्यायला मोकळा माणूसच उरू नये. सेकंदांचा प्रश्न होता. किअरन किलकेनीने कीगनला आडवं पाडल्याबद्दल ब्लॅक कार्ड घेतलं. किकआउट रेषेबाहेर गेली. कप आपला.

जीपीएसवरून कीगनची टिंगल आपण अजून करतो. माझ्या ओळखीतल्या एकाने तर त्यावर विनोदी कवितासुद्धा केली होती, चांगली जमली होती. आणि किलकेनीबद्दल काय म्हणतो? "हुशार खेळ." "सामना कसा संपवायचा हे त्यांना कळतं." यंत्र फेकणं म्हणजे चीटिंग आणि माणूस पाडणं म्हणजे हुशारी! दोघांनी एकाच मिनिटात, एकाच कारणासाठी, नियम जाणूनबुजून मोडला. फरक इतकाच की कीगनचा नेम चुकला.

तेव्हा ब्लॅक कार्ड मिळालेला खेळाडू बाहेर जायचा आणि त्याच्या जागी बदली खेळाडू यायचा. शेवटच्या मिनिटात ही शिक्षा म्हणजे रेल्वेच्या फलाटावर तिकीट नसल्याचा दंड, गाडी तर गाठली. २०२० पासून ते बदललं, आता दहा मिनिटं बाहेर बसावं लागतं. आणि मूळ ब्लॅक कार्ड आलं त्याची पार्श्वभूमीही लक्षात असू द्या. २०१३ च्या मार्चमध्ये ते मंजूर झालं, २०१४ पासून लागू झालं. मधल्या ऑगस्टमध्ये टायरोनच्या शॉन कॅव्हनाने गोलकडे निघालेल्या मोनाहनच्या कॉनर मॅकमॅनसला अक्षरशः रग्बीसारखं आडवं पाडलं, पिवळं कार्ड घेतलं आणि टायरोन जिंकलं. टीव्हीवर माजी खेळाडू जो ब्रॉली इतका भडकला की त्याने कॅव्हनाच्या माणूसपणावरच घाव घातला. तो अतिरेक होता. तुम्ही म्हणता "खेळाडूवर चिखल उडवू नका", तेव्हा मला नेमका ब्रॉली आठवतो आणि तेवढ्यापुरतं मी तुमच्या बाजूला येतो.

कारण तुमचा सगळ्यात जड मुद्दा तोच आहे आणि तो मी उडवून लावणार नाही. या खेळाडूंना पगार नाही. रविवारी ज्याच्या नावाने क्रोक पार्कमध्ये ऐंशी हजार लोक ओरडतात, तो सोमवारी शाळेत वर्ग घेतो, बँकेत बसतो, नाहीतर साइटवर असतो. १८८४ साली थर्ल्सच्या हॉटेलात गेलिक खेळांची संघटना उभी राहिली, तेव्हापासून हा खेळ हौशी आहे. ज्या गावात राहतो त्या गावच्या क्लबकडून खेळायचं, तिथून काउंटीकडून. कोल्हापूरच्या पेठेत वाढलेल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तालमीचा पोरगा तालमीच्या टीमकडून खेळतो, शाहू स्टेडियम ओसंडून वाहतं, आणि तो गोल चुकला तर दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्याला लोक तोंडावर सुनावतात. मला इथे आल्यावर गेलिकचा लळा लागला तो यामुळेच. प्रीमियर लीगच्या खेळाडूला तुम्ही टीव्हीवर बघता. इथला खेळाडू तुमच्या पोराच्या शाळेत पी.टी. शिकवत असतो. त्याला रस्त्यावर तोंड दाखवायचं असतं. म्हणून त्याच्यावर बोलताना हात राखून बोलावं, हे मान्य.

पण मग मॅक्लॉक्लिन? त्याला कोणाचा पगार होता? तोही सोमवारचा माणूस. मोडलेला जबडा घेऊन त्यालाही कुठेतरी कामाला, कॉलेजला जायचं होतं. हौशीपणाची ही शाल आपण नेहमी मारणाऱ्याच्या खांद्यावर टाकतो. ज्याला लागलं तो जणू व्यावसायिक होता, त्याच्या पगारात जबड्याचे पैसे धरलेले होते! खरं तर पैसे नसलेल्या खेळात दुसऱ्याचं शरीर जास्त जपायला हवं, कमी नाही. करारात विमा, नुकसानभरपाई, मोठा दवाखाना असलेल्या खेळाडूचं वेगळं.

कोल्हापूरचं नाव काढलंच आहे तर तिथलं दुसरं अंगही सांगतो. पाठीराख्यांची हुल्लडबाजी, दगडफेक, पोलिस, मध्येच थांबलेले सामने, हे सगळं आपण पाहिलंय. ते कधी एकदम सुरू होत नाही. आधी मैदानात कोणी कोणाला लाथ घालतो, मग स्टँडमध्ये "बरं झालं, त्याला पाहिजेच होतं" ऐकू येतं, आणि मग बाहेर. मधली पायरी आपली, पाठीराख्यांची असते.

तुम्ही म्हणाल, आपल्या माणसाची बाजू घेणं हा पाठीराख्याचा धर्मच. मग २००८ आठवा. जानेवारीत सिडनीत हरभजन आणि सायमंड्सचं झालं. हरभजनवर तीन कसोटींची बंदी आली, अपिलात ती उठली आणि शिवीगाळ केल्याबद्दल मानधनाचा निम्मा दंड राहिला. आपण सगळे, अगदी सगळे, हरभजनच्या बाजूने उभे होतो. वर्णद्वेषाचा आरोप आपल्याला पटला नव्हता, ठीक. पण शिवी दिली होती की नाही, यावर कोणी चकार शब्द काढला? उलट "ऑस्ट्रेलियनांना तसंच पाहिजे." एप्रिलमध्ये तोच हरभजन मुंबई इंडियन्सचा कर्णधार म्हणून मोहालीत होता, सामना संपल्यावर त्याने श्रीशांतला थप्पड मारली आणि श्रीशांत मैदानात रडला. तेव्हा मुंबईचा पक्का पाठीराखासुद्धा म्हणाला, "हे चुकलं." कोणी सांगितलं नाही की हा खेळ आहे की कॅरम. कारण श्रीशांतही आपलाच होता. म्हणजे आपली नजर चांगली आहे, फक्त लागलेला माणूस आपला असेल तरच ती उघडते.

इथे तर त्याहून गंमत आहे, आणि हे लिहिताना तुमच्यातले काही दुखावतील याची मला कल्पना आहे. हिल सिक्स्टीनवर, म्हणजे क्रोक पार्कच्या उभ्याने बघायच्या स्टँडमध्ये, माझ्या शेजारी बरीच वर्षं उभे राहणारे एक आजोबा आहेत. त्यांच्या घरातल्या तीन पिढ्या तिथे उभ्या राहिल्या. आपल्या खेळाडूने कोणाला कोपर मारलं की हे सगळ्यांच्या आधी ओरडतात, "काढा त्याला बाहेर! आपल्याला असला घाणेरडा खेळ नको." त्यांना कोणी विचारत नाही की तुम्ही नक्की डब्लिनचे ना. आपल्याला तसं मोकळं बोलता येत नाही, कारण आपल्याला वाटत असतं की कोणीतरी विचारेल. म्हणून आपण स्थानिकांपेक्षा चार पट जोराने "तो खांदाच होता" म्हणतो. नवा मुलगा तालमीत आला की सगळ्यात आधी तोच हाणामारीत उडी घेतो, तसं. निष्ठा दाखवायची ही सगळ्यात स्वस्त वाट आहे. चुकलं ते चुकलं म्हणूनही त्या हिलवर उभं राहता येतं, आजोबा राहतातच की.

हे सगळं फक्त जेवणानंतरच्या गप्पांपुरतं असतं तर मी लिहिलंही नसतं. पण शनिवारी सकाळी मी दहा वर्षांखालच्या पोरांच्या सामन्यांना साइडलाइनवर असतो, क्लबचा मेंटॉर म्हणून. थंडी, चिखल, पालकांच्या हातात कॉफीचे कप, पोरांच्या तोंडात माउथगार्ड. आणि दर दोन-तीन सामन्यांमागे कुठूनतरी मराठीत आवाज येतो: "धर त्याला! जर्सी ओढ! पाड, पाड, रेफरी तिकडे बघतोय!" इंग्रजीत ओरडायची हिंमत नाही, कारण लाज वाटते. मराठीत ओरडतो, कारण वाटतं, कोणाला कळतंय. पोराला कळतं. तो एकदा वडिलांकडे बघतो, एकदा पळणाऱ्या मुलाकडे, आणि जर्सी ओढतो. एका लहानग्याला मी बाजूला घेऊन विचारलं, तर निरागसपणे म्हणाला, "बाबा म्हणाले म्हणजे टॅक्टिक असेल." दहाही वर्षं पूर्ण नाहीत त्याला. समोर पडलेला मुलगा त्याच्याच वर्गातला होता.

साइडलाइनवरून रेफरीवर तोंडसुख घेणं हेही याच घरातलं. २०२२ मध्ये रॉसकॉमनमध्ये मुलांच्या सामन्यात रेफरीला इतकी मारहाण झाली की त्याला हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. त्याआधी २०१० मध्ये लेन्स्टर प्रांताच्या अंतिम सामन्यात मीथचा गोल चुकीने दिला गेला म्हणून लाउथच्या पाठीराख्यांनी मैदानात घुसून रेफरीला धक्काबुक्की केली. तो गोल खरोखर चुकीचा होता, आणि म्हणूनच लाउथवर झालेल्या अन्यायापेक्षा ती धक्काबुक्कीच जास्त लोकांच्या लक्षात राहिली. २०१७ मध्ये आपल्या कॉनलीने लाइन्समनच्या अंगाला हात लावला म्हणून त्याला बारा आठवड्यांची बंदी झाली होती. टीव्हीवरच्या टीकेने प्रशिक्षक जिम गॅविन उघड चिडले आणि आपण सगळे त्यांच्यामागे उभे राहून मीडियाला झोडपत होतो. आता मजा बघा. त्याच गॅविन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०२५ पासून जे नियम आणले, त्यात रेफरीशी फक्त कर्णधाराने बोलायचं, हुज्जत घातली की फ्री-किक पन्नास मीटर पुढे, फाउल झाल्यावर चेंडू समोरच्याच्या हातात सरळ द्यायचा, नाही दिला तर तेच पन्नास मीटर. सामना संपवायच्या ज्या युक्त्यांना आपण हुशारी म्हणत होतो, त्यातल्या कितीतरी त्या संघाच्याच प्रशिक्षकाने बंद केल्या. त्यांना त्या आपल्यापेक्षा नीट माहीत होत्या.

बचाव कधीच करू नये असं मी म्हणतोय का? मुळीच नाही. २०२२ मध्ये आर्मा-गॉलवे उपांत्यपूर्व सामन्यात मैदान सोडतानाच टनेलच्या तोंडाशी मारामारी झाली. संघाबरोबर असलेल्या पण न खेळणाऱ्या आर्माच्या एका खेळाडूने गॉलवेच्या डेमियन कोमरच्या डोळ्यात बोटं घातली, त्याला चोवीस आठवड्यांची बंदी झाली. पण रेफरीने त्या वेळी लाल कार्डं कोणाला दाखवली? दोन्ही संघांच्या कर्णधारांना, आर्माच्या एडन न्युजंटला आणि गॉलवेच्या शॉन केलीला, कोणालातरी शिक्षा द्यायला हवी म्हणून. ती कार्डं पुढे रद्द झाली आणि व्हायलाच हवी होती. तिथे त्या दोघांची बाजू घेऊन भांडणारा पाठीराखा मला हवा आहे, त्याच्याबरोबर मीही आवाज चढवीन. २०१५ मध्ये कीगनला मारल्याबद्दल मिळालेलं कॉनलीचं लाल कार्ड फेरसामन्याच्या दिवशी पहाटे रद्द झालं, तेव्हा कायद्याने त्याला जे मिळायचं ते मिळालं, त्यालाही माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्या पहाटे आपण जणू त्याने हात उचललाच नव्हता अशा थाटात फटाके फोडले त्याला.

तेव्हा माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली मोठ्यांसाठी. पुढच्या वेळी आपल्या खेळाडूने असं काही केलं आणि तुम्ही त्याची बाजू घ्यायला तोंड उघडलं, की आधी त्याच्या अंगावर मेयोची हिरवी-लाल जर्सी घालून बघा, मग बोला. तरीही खांदाच होता असं वाटलं तर खुशाल बोला, मी ऐकून घेईन. कदाचित पटेलही.

दुसरी शनिवारसाठी. पुढच्या महिन्यात नवा हंगाम सुरू होतोय आणि मी रेफरीच्या अगदी जवळच्या रेषेवर उभा असणार आहे. "पाड त्याला" असं मराठीत ऐकू आलं की मी ते त्याला तिथल्या तिथे इंग्रजीत सांगणार आहे, ओरडणाऱ्याच्या नावासकट. आमच्या रेफरीला मी तशी पूर्वकल्पना दिली आहे, आणि त्यालाही उत्सुकता आहे.

चहाला कधीही या. लोभ असावा.

आपला,
लुकनच्या साइडलाइनवरचा एक कोल्हापुरी डब्लिनकर